मोहोराची जागा

अण्णांच्या मुलीचा, त्रिशलाचा, फोन आला तेव्हा मी खिडकीपाशी बसून लिहीत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. "सर, अण्णा कारखान्यात आल्या आल्या खाली बसले, ते उठलेच न्हाईत," ती म्हणाली. तिच्या मागून लोखंडावर हातोडा पडल्याचा आवाज येत होता. शेजारच्या शेडमध्ये अजून कळलं नसावं. फोन ठेवल्यावर माझी नजर समोरच्या ग्रिलवर गेली आणि मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. 'आता कुणाला कळणार नाही,' असा तो विचार होता. दुःख त्याच्या मागून आलं, खूप आलं, पण आधी हे आलं. दोन महिने हा विचार मी कुणालाही सांगितलेला नाही, बायकोलाही नाही. आज तो या पुरवणीच्या वाचकांना सांगतो आहे, कारण जे खोटं मी सांगितलं ते याच वाचकांना सांगितलं होतं.

भूपालअण्णा उद्यमनगरात ग्रिल, फाटकं आणि जिन्याचे कठडे बनवायचे. मूळचे शिरोळ तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचे, जैन शेतकरी घरातले. ऊस भावाच्या हवाली करून तरुणपणी वेल्डिंग शिकायला कोल्हापुरात आले ते इथलेच झाले. शाळा नववीपर्यंत. पण माणूस कविता वाचायचा, आणि वाचून नुसती मान डोलवायचा नाही. कवितेत एखादं ठिकाण आलं की सुट्टीच्या दिवशी एसटीने तिथे जायचा, बसून राहायचा, शंभर पानी वहीत पेन्सिलीने काहीतरी रेखाटायचा, खाली दोन ओळी लिहायचा आणि परत आल्यावर त्याचं फाटक किंवा खिडकीची जाळी करायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, नेहमीचा मोर करा, नाहीतर चांदणी करा. अण्णा म्हणायचे, "मोर सगळ्यांकडं हाय की. तुम्हाला नदी करून देतो." आणि करून द्यायचे.

अंत्यसंस्कारानंतर काही दिवसांनी त्यांच्या समाजाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मी कवी, निवृत्त प्राध्यापक, पुरवणीत लिहिणारा, म्हणून मला बोलायला सांगितलं. मी बोललोही, आणि चांगलं बोललो, म्हणजे मला बोलता येतं तसं बोललो. माझ्या एका कवितेतला मोहोर शोधायला हा भाबडा रसिक भर पावसात चंदगडला गेला होता, ही गोष्ट सांगितली. लोकांनी माना हलवल्या, पुढच्या रांगेतल्या एकीने डोळे पुसले. खाली उतरलो तेव्हा त्रिशला दारात उभी होती. अण्णांची ही धाकटी मुलगी. कारखान्यातली ड्रॉइंग तीच काढते आणि हातात होल्डर धरून वेल्डिंगही करते. ती म्हणाली, "सर, एकदा कारखान्यात येऊन जावा. अण्णांनी तुमच्यासाठी कायतरी ठेवलंय." तिच्या आवाजात आदर होता, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही.

आता सुरुवातीपासून सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका सोमवारी अण्णा माझ्या दारात उभे राहिले. काखेत कागदाची गुंडाळी, अंगात पांढरा शर्ट, आणि त्या शर्टावर ठिणग्यांनी पडलेली बारीक बारीक भोकं. मी समजलो, वर्गणीवाले असतील. "सर, तुमची जोतिबाची कविता वाचली पेपरात," ते म्हणाले. "काल जाऊन आलो. तुम्ही म्हणताय तसंच हाय. ती नारळ-गुलालाच्या दुकानाम्होरची पायरी मधनं झिजलीया, खरंच झिजलीया. हात लावून बघितला." मग त्यांनी तिथेच व्हरांड्यात कागद पसरला. पन्हाळा रस्त्यावरच्या एका बंगल्याचं फाटक होतं ते. आडव्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या, आणि प्रत्येक पट्टी मधे किंचित वाकलेली, झिजल्यासारखी. माझ्या कवितेवर तोवर दोनचार जणांनी लिहिलं होतं, एका मित्राने तिचा गौरव वगैरे केला होता, पण ती झिजलेली पायरी हात लावून बघायला कुणी गेलं नव्हतं. मी हुरळून गेलो. पुढे वर्षभर मी पाहुण्यांना मुद्दाम त्या रस्त्याने नेऊन ते फाटक दाखवत असे आणि 'माझ्या कवितेवरून केलंय' असं सांगत असे. करणाऱ्याचं नाव सांगायचं बहुधा राहून जायचं.

त्यानंतर अण्णा येत राहिले. माझ्या संग्रहात शिरोळकडच्या पुराची एक कविता आहे. ती वाचून म्हणाले, "पाणी उतरल्यावर घरात जो वास येतोय, तो बरोबर पकडलासा. आमच्या घरात महिनाभर असायचा." मी ती कविता पूर ओसरल्यानंतर आठ दिवसांनी तिकडे जाऊन आल्यावर लिहिली होती, तेव्हा ती बरोबर असायला काही हरकत नव्हती. पण अण्णांचा माझ्यावर विश्वास बसला तो असा, एकेक कविता पारखून. ते इतरही कवींच्या कविता घेऊन फिरत. जाताना घरचा डबा बरोबर, कारण सूर्य मावळल्यावर ते काही खात नसत. एसटी उशिरा आली आणि वाटेतच दिवस मावळला तर डबा तसाच परत यायचा. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "अण्णा, कवितेपायी उपाशी राहता तुम्ही." ते म्हणाले, "उपाशी न्हाई सर, उशीर झाला एवढंच."

अशातच त्यांनी श्रावणातल्या काजूची कविता वाचली.

ही माझी सगळ्यात गाजलेली कविता. तुमच्यापैकी काहींना पाठही असेल. 'श्रावणाच्या सरीत काजू मोहरला, थांबलेल्या गाडीत गंध उतरला' अशी तिची सुरुवात. कार्यक्रमात ही कविता म्हणण्याआधी मी एक प्रसंग सांगत असे. चंदगडच्या पुढे एका फाट्यावर आमची एसटी बंद पडली, मी खाली उतरलो, पाऊस कोसळत होता, शेतातून येणाऱ्या एका म्हातारीने मला तिच्या इरल्याखाली घेतलं, तो पानांचा आडोसा तिने माझ्या डोक्यावर धरला, आणि समोर बघतो तो काजूचं झाड मोहरलेलं... दर कार्यक्रमागणिक म्हातारीचं वय वाढत गेलं आणि पाऊसही. लोकांना हा प्रसंग कवितेपेक्षा जास्त आवडायचा.

खरी गोष्ट अशी की मी चंदगडला कधीही गेलेलो नाही. कोल्हापुरात आयुष्य गेलं, एक सकाळची गाडी पकडली की चंदगड, पण गेलो नाही. आमच्या कॉलेजात गावडेबाई म्हणून तिकडच्या एक सहकारी होत्या. श्रावणातल्या एका दुपारी स्टाफरूमच्या बाहेर पाऊस लागून राहिला होता आणि त्या माहेरच्या काजूंबद्दल बोलत होत्या, मोहोराबद्दल, त्याच्या वासाबद्दल. बाहेरचा पाऊस आणि बाईंचा मोहोर माझ्या डोक्यात एकत्र झाले. दोन दिवसांत कविता झाली. म्हातारी नंतर आली, पहिल्या कार्यक्रमाच्या वेळी, माईकसमोर उभा असताना.

अण्णा आले ते वही घेऊनच आले. "सर, एक इचारायचं हाय. मोहोराचा घोस खाली लोंबतोय का वर ऱ्हातोय?"

"लोंबतो," मी म्हणालो. आंब्याचा मोहोर डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला, तोही नीट येईना.

"किती लांब?"

"एवढा," मी हात करून दाखवलं.

त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. म्हणाले, "बघूनच येतो. बघितल्याबिगर माझ्या हातनं लोखंड वळत न्हाई. पण एक अडचण हाय सर. आषाढापासनं कार्तिकापतोर कोल्हापूर आणि आमचं गाव, ह्याच्या भाईर जायचं न्हाई, असा माझा नेम हाय. चातुर्मास. आईनं लावून दिलेला, तीस वर्सं झाली. आणि तुमचा मोहोर तर श्रावणातला."

मी हसून म्हणालो, "अहो अण्णा, कवितेसाठी गेलात तर देव माफ करेल."

"आमच्यात माफ करायला कोण न्हाई सर," ते शांतपणे म्हणाले. "ज्याचं त्यानं फेडायचं." मग वही मिटून विचारलं, "गाव कुठलं?" मी सांगितलं, चंदगडच्या पुढे तिसरा फाटा, देवळाच्या अलीकडे. तिथे देऊळ आहे की नाही, हेही मला माहीत नव्हतं. देऊळ कुठेही असतंच असा माझा हिशेब होता.

त्या श्रावणात अण्णा नेम मोडून गेले. परत आले ते छत्रीची एक काडी मोडून. "मोहोर न्हाई गावला सर. तिसऱ्या फाट्यावर उतरलो. देऊळ हाय. झाडं रग्गड हाईत. पानं हाईत, मोहोर न्हाई." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आपलंच काही बघायचं राहिलं असेल असा सूर होता. मी म्हणालो, "थांबा, नीट आठवून सांगतो." ते गेल्यावर मी गावडेबाईंना फोन केला. त्या हसत सुटल्या. "अहो सर, मोहोर थंडीत येतो. पौष-माघात. श्रावणात कुठला मोहोर, श्रावणात नुसता पाऊस."

म्हणजे त्या दिवशी मला कळलं. तोवरच्या चुकीला चूक म्हणता आलं असतं. लिहिणाऱ्याच्या हातून असं होतं, महिने इकडचे तिकडे होतात, त्याने कविता मरत नाही. मी दुसऱ्या दिवशी अण्णांच्या शेडवर गेलो असतो आणि 'अण्णा, मी तिकडे गेलेलो नाही, तुम्हाला उगाच पाठवलं' एवढं बोललो असतो तर ते मोठ्याने हसले असते, मला खात्री आहे. पण संग्रहाची दुसरी आवृत्ती निघत होती, मलपृष्ठावर त्या म्हातारीच्या प्रसंगाचा मजकूर छापून झाला होता, आणि... आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, हा वेल्डिंग करणारा माणूस, याच्यापुढे मी कशाला कमी व्हायचं? असं स्पष्ट शब्दांत नाही वाटलं. पण वाटलं तेच होतं. आठवड्याने अण्णा आले तेव्हा मी म्हणालो, "तिसरा नसेल, चौथा फाटा असेल." पुढच्या श्रावणात ते चौथ्या फाट्यावर गेले. परतीची गाडी दोन तास आली नाही, थांब्यावर भिजत उभे राहिले, दिवस मावळला, डबा तसाच राहिला. चार दिवस तापात होते. मी भेटायला गेलो. घरात वहिनी होत्या, त्यांनी मला दूध दिलं. अण्णा पांघरुणातून म्हणाले, "औंदाबी न्हाई गावला." आणि मी, देवाशपथ सांगतो, मी म्हणालो, "हल्ली हवामान बदललंय हो, अण्णा. पूर्वीसारखं काही राहिलं नाही." ते माझ्याकडे बघत राहिले आणि "व्हय की," म्हणाले.

त्याच्या पुढच्या वैशाखात माझ्या लिहायच्या खोलीची खिडकी मोठी करून घेतली. अण्णा आणि त्रिशला दोघं येऊन ग्रिल बसवून गेले. सळ्यांच्या ऐवजी काजूची एक आडवी फांदी होती, खिडकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि पानं. लोखंडाचं पान इतकं पातळ, इतकं कललेलं मी कुठे बघितलं नव्हतं. फांदीच्या प्रत्येक शेंड्याला एकेक बारीक भोक होतं. मोजली, सात होती.

"मोहोर?" मी विचारलं.

अण्णांनी पान्याने शेवटचा बोल्ट आवळला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सर, कधी असतोय म्हणालासा मोहोर?"

"श्रावणात," मी म्हणालो. कवितेतच तसं आहे, दुसरं काय म्हणणार.

"बरं," ते म्हणाले. "जागा ठेवलीया. तुम्ही सांगा, मग बसवतो."

यांना कळलं की काय, अशी मला तेव्हा थोडी शंका आली. पण शंका घेऊन माणूस आरामात जगू शकतो. मी त्या खिडकीपाशी बसून आणखी दोन पुस्तकं लिहिली.

दरवर्षी पावसाच्या आधी अण्णा यायचे आणि ग्रिलला रेड ऑक्साईड लावायचे. सांगायला लागायचं नाही. रंग झाला की खिशातून एक खिळा काढून त्या सातही भोकांतला रंग कोरून मोकळा करायचे, नाहीतर रंग वाळून भोकं बुजली असती. मी आत बसून बघत असे. चहा व्हायचा, कवितांवर बोलणं व्हायचं, काजूचं नाव निघायचं नाही.

मग ते वाचनालयातलं प्रकरण झालं. पाच-सहा वर्षांपूर्वी एका वाचनालयाने मला बोलावलं होतं, कविता माणसाला घराबाहेर कशी काढते, अशा काहीशा विषयावर. हॉल भरलेला. अण्णा शेवटून दुसऱ्या रांगेत. मी रंगात आलो होतो. म्हणालो, कवितेची ताकद बघा, माझ्या एका कवितेने एका लोखंडाच्या माणसाला भर पावसात एसटीत बसवलं, फक्त बिचारा चुकीच्या फाट्यावर उतरला. लोक खळखळून हसले. अण्णाही हसले असावेत, मी नीट बघितलं नाही. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. म्हणाले, "सर, कविता छान आहे. पण मी चंदगडचा. माझी काजूची बाग आहे. श्रावणात काजू मोहरत नाही. तुम्ही नक्की बघितलाय का?"

माझ्या हातात माईक होता. मला अजून तो थंड माईक आठवतो आणि त्याच्या पलीकडची दीडशे माणसं. मी माईक या हातातून त्या हातात घेतला, आणि शेवटून दुसऱ्या रांगेत अण्णा उठून उभे राहिले.

"मी बघितलाय," ते म्हणाले.

चंदगडचे गृहस्थ वळले. "पावणं, कुठं बघितलासा?"

"चौथ्या फाट्यावर. देवळाच्या अलीकडं."

"श्रावणात?"

"श्रावणात. बघितला म्हंजे बघितला."

लोक हसायला लागले, या खेपेला अण्णांना. कुणीतरी मागून "आंबा असंल ओ" असं म्हणालं. चंदगडचे गृहस्थ मान हलवत खाली बसले. अण्णा थोडा वेळ तसेच उभे होते, पांढरा शर्ट घातलेले, हात दोन्ही बाजूला सोडलेले. मग बसले. आणि मी घसा साफ करून पुढच्या कवितेकडे वळलो.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर ते स्कूटर घेऊन थांबले होते. "चला सर, सोडतो." मी मागे बसलो. घराच्या फाटकाशी मी उतरलो. आत्ता बोलायला हवं, हे मला कळत होतं, अगदी शब्दसुद्धा ठरले होते. अण्णांनी स्कूटर चालूच ठेवली होती. ते म्हणाले, "कविता चांगली हाय सर." मी म्हणालो, "हो." ते गेले.

त्यांनी खोटं माझ्यासाठी का सांगितलं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्याकडून खरं निघालं असतं. त्यानंतरही ते दर वैशाखात आले, रंग लावला, खिळ्याने भोकं मोकळी केली. या वर्षी शेवटचे आले तेव्हा खिळा खिडकीच्या कट्ट्यावर राहिला. मी हाक मारली, "अण्णा, खिळा राहिला." ते फाटकातून म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. फुडच्या वर्षी लागतोयच."

शोकसभेनंतर आठ दिवसांनी मी उद्यमनगरात गेलो. शेडमध्ये मशीन बंद होती. त्रिशलाने कपाटातून खाकी कागदाचं एक पुडकं काढलं, सुतळीने बांधलेलं, जड. वर खडूने लिहिलं होतं, 'सरांच्या खिडकीचा मोहोर'. सोबत एक शंभर पानी वही. "पुडकं तुमचं," ती म्हणाली. "वही वाचून परत द्या. आमच्याकडं तेवढीच हाय." मी तिथेच स्टुलावर बसून वाचली.

वही म्हणजे त्यांच्या सगळ्या प्रवासांची. प्रत्येक पानावर चित्र आणि खाली दोन-तीन ओळी. जोतिबाची पायरी होती. कृष्णेचं वळण होतं. तिसरा फाटा होता, चौथा फाटा होता. चौथ्या फाट्याच्या पानावर लिहिलं होतं, 'दोन वर्सं नेम मोडला. चार-चार उपास धरायचे.' त्याच्या पुढचं पान माघातलं होतं. त्यावर काजूच्या मोहोराचं चित्र, पेन्सिलीने, इतकं बारीक की एकेक कळी मोजता यावी. खाली त्यांच्या गोल, ठसठशीत अक्षरात: 'आज मोहोर बघितला. ह्याच दिवसांत येतोय. घोस शेंड्याला, वर तोंड करून. बागवाल्यानं बसायला दिलं. सरांनी बघितलेला दिसत न्हाई. आपण सांगायचं न्हाई. सर सांगतील.'

पुढे बरीच पानं दुसऱ्या कवितांची, दुसऱ्या गावांची. मग एका पानावर चित्रच नव्हतं. नुसतं लिहिलं होतं: 'वाचनालयात खोटं बोललो. उद्या उपास. परवा पण.'

मी वही मिटली. त्रिशला समोर उभी होती. ती म्हणाली, "सर, सभेत तुम्ही त्यांना भाबडा म्हणालासा." मी वही तिच्या हातात दिली. "भाबडं न्हवतं ते," एवढंच बोलून ती शटरकडे गेली. मी पुडकं उचलून घरी आलो. रिक्षात ते मांडीवर धरून बसलो होतो. सात वर्षं... जास्तच झाली असतील. तो माणूस दरवर्षी माझ्या दारात येऊन, मी बोलायची वाट बघून, भोकं मोकळी करून परत गेला. त्याने माझी चूक लपवली याची मला लाज वाटते, पण त्याहून जास्त लाज याची वाटते की मी खरं बोलेन यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास होता.

गेल्या रविवारी मी त्रिशलाला फोन करून म्हटलं, ये, मोहोर बसवून टाकू. ती ड्रिल आणि पाना घेऊन आली. टेबलावर पुडकं सोडलं. सात घोस, प्रत्येकाच्या मागे आटे पाडलेली बारीक सळी, भोकात फिरवून बसवायची. लोखंडाच्या कळ्या इतक्या लहान की तिने त्या चष्मा लावून बघितल्या. एक घोस हातात घेऊन ती खिडकीवर चढली आणि वरून सहज विचारावं तसं विचारलं, "सर, खाली लोंबता बसवू का वर?"

वहीत उत्तर होतं. ते मी वाचलं होतं, तिनेही वाचलं असणार. 'वर' एवढं म्हटलं की काम झालं असतं. माझ्या ओठांवर आलंही होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "मी मोहोर बघितलेला नाही. मी चंदगडला कधीच गेलेलो नाही, त्रिशला. ती म्हातारी, तो फाटा, सगळं मी रचलेलं. तुझ्या वडिलांना मी उगाच पाठवलं, आणि कळल्यावर पुन्हा पाठवलं."

ती खिडकीवर तशीच उभी होती. खाली बायको चहाचे कप घेऊन आली होती, तीही दारात थांबली. मग त्रिशला खाली उतरली. घोस कागदावर ठेवला, बाकीच्या सहांच्या ओळीत, आणि कागद पूर्ववत गुंडाळून सुतळी बांधायला लागली.

"बसवत नाहीस?" मी विचारलं.

"आधी बघून या," ती म्हणाली. "माघ चालूच हाय. बघून या, मग मला सांगा कसा असतोय ते. आमच्या कारखान्यात न बघता कोण कायच बसवत न्हाई." तिने गाठ मारली, चहा घेतला आणि गेली.

उद्या सकाळी साडेसहाची चंदगड गाडी आहे. बायकोने डबा भरून ठेवला आहे. दिवस मावळायच्या आत खायचा, असं तिला मी सांगितलं, तिने का ते विचारलं नाही. पुडकं टेबलावर बांधलेलंच आहे. इथवर लिहून झाल्यावर मी खिडकीच्या कट्ट्यावरचा खिळा उचलला. वैशाखापासून भोकांत धूळ बसली होती. एकेक करून सातही भोकं मोकळी केली.